वाद्यवृंदातील नवा वादक

भारतीय संगीताचे शिक्षण हे मूलतः एकट्या कलावंताचे शिक्षण आहे. शिष्य गुरूसमोर बसून दहा-बारा वर्षे साधना करतो, तेव्हा त्याच्यापुढे आदर्श असतो तो एकल वादकाचा. रागाचा विस्तार किती करावयाचा, लय केव्हा वाढवावयाची, कोणत्या स्वरावर थांबावयाचे, हे सर्व त्यानेच ठरवावयाचे असते. एखादा स्वर चुकून लागला तर त्यातूनच नवी वाट काढण्याची मुभाही त्याला असते. असा वादक प्रथमच वाद्यवृंदात जाऊन बसतो, तेव्हा त्याच्या हाती एक कागद दिला जातो. आठ आवर्तने वाजवावीत, पुढील चाळीस आवर्तने स्वस्थ बसावे, मग चार आवर्तने हळू आवाजात वाजवावीत, असे त्यावर लिहिलेले असते. आयुष्यभर जे मिळविले ते येथे निरुपयोगी तर ठरत नाही ना, अशी शंका त्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

या शंकेचे उत्तर शोधण्यासाठी पाश्चात्त्य ग्रंथांकडेच वळले पाहिजे असे नाही. समूहाने गाण्या-वाजविण्याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात वादकांच्या समूहाला ‘कुतप’ अशी संज्ञा आहे. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. त्याच्या तिसऱ्या अध्यायात गायक-वादकांच्या वृंदाचे उत्तम, मध्यम व कनिष्ठ असे प्रकार दिले आहेत. उत्तम वृंदात ४ मुख्य गायक, ८ सहगायक, १२ गायिका, ४ बासरीवादक व ४ मृदंगवादक असावेत, असे तो सांगतो. म्हणजे एकूण ३२ कलावंत झाले. त्याच ठिकाणी त्याने वृंदाचे सहा गुण सांगितले आहेत. ते इतके व्यवहारी आहेत की, आजच्या वाद्यवृंदात पहिल्यांदा बसणाऱ्या वादकालाही त्यांचाच आधार घेता येईल.

मुख्यानुवृत्ती

पहिला गुण म्हणजे मुख्य कलावंताच्या मागोमाग जाणे. आधुनिक वाद्यवृंदात हा मुख्य म्हणजे संचालक. त्याच्या हाताकडे लक्ष ठेवावे, ही सूचना प्रत्येक नवागताला दिली जाते. परंतु तिचे कारण क्वचितच सांगितले जाते. ते कारण ध्वनीच्या वेगात आहे. ध्वनी हवेतून एका सेकंदात सुमारे ३४५ मीटर जातो. पुढील वादकांपासून बारा मीटर मागे बसलेल्या वादकाला त्यांचा आवाज सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो. तो आवाज ऐकून त्याने वाजविले, तर त्याचा स्वर पुढे पोहोचेपर्यंत तेवढाच आणखी उशीर होतो. द्रुत लयीत हे अंतर स्पष्टपणे जाणवते व संपूर्ण वृंद मागे ओढला जातो. प्रकाशाला मात्र असा विलंब लागत नाही. यास्तव मात्रा डोळ्यांनी घ्यावी आणि कानांनी केवळ पडताळून पाहावी.

यासाठी कागदावरची नजर मोकळी झाली पाहिजे. आपला भाग घरी इतका पाठ करावा की, कागद केवळ आठवणीपुरता उरावा. मंचावरचा स्टँडही अशा उंचीवर ठेवावा की, कागद व संचालकाचा हात एकाच नजरेच्या टप्प्यात यावेत.

मिलन

दुसरा गुण एकजीव होण्याचा. त्याची सुरुवात वाद्ये स्वरात मिळविण्यापासून होते. एकल वादक आपल्या वाद्याला व हाताला सोयीचा षड्ज निवडतो; वृंदाचा षड्ज मात्र एकच असतो. त्यामुळे नेहमीपेक्षा चढ्या वा उतरत्या स्वरात वाजविण्याची वेळ येऊ शकते. नव्या सतारवादकाने हा स्वर कोणता, हे पहिल्या तालमीपूर्वीच विचारून घ्यावे. आयत्या वेळी तार चढवू गेल्यास ती तुटण्याचा संभव असतो आणि नवी तार लावली तरी ती काही काळ उतरत राहते.

वाद्ये मिळविताना सर्वसाधारण नियम असा, की ज्या वाद्याचा स्वर सहजी बदलता येत नाही, त्याला इतरांनी मिळवून घ्यावे. हार्मोनियम असल्यास तिचा स्वर प्रमाण मानणे भाग पडते. त्यानंतर बासरी, मग तंतुवाद्ये. दोन स्वर जुळले की नाहीत हे ओळखण्याची एक खूण आहे. एका तारेची कंपने सेकंदाला २४० व दुसरीची २४२ असतील, तर आवाज सेकंदात दोनदा वर-खाली होताना ऐकू येतो. ही लहर मंद होत होत नाहीशी झाली, की तारा जुळल्या. मात्र ती ऐकू येण्यासाठी भोवती शांतता हवी. म्हणून इतरांचे मिळविणे चालू असताना आपल्या आवडीच्या ताना घोळवीत बसणे हा वृंदातील पहिला अपराध समजला जातो.

उघड्या मंडपातील कार्यक्रमात आणखी एक अडचण येते. हवा तापली की बासरीचा स्वर चढतो आणि धातूची तार सैल पडून तिचा स्वर उतरतो. म्हणजे एकाच उन्हात दोन वाद्ये परस्परविरुद्ध दिशांना जातात. घरी अचूक मिळवून आणलेले वाद्य मंचावर बेसूर लागले तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ते पुन्हा न मिळविणे हा मात्र दोष आहे.

ताललीनानुवर्तन

तालात लीन होऊन त्याच्या मागे जाणे हा तिसरा गुण. केरळातील पंचवाद्यम् हे त्याचे उत्कृष्ट उदाहरण होय. तिमिल, मद्दळम्, इडक्का, इलत्ताळम् आणि कोंबू या पाच वाद्यांचे अनेक वादक त्यात उभे राहून वाजवितात. पहिल्या टप्प्याचे आवर्तन ८९६ मात्रांचे असते आणि पुढे ते निम्मे होत होत ४४८, २२४, ११२ व ५६ मात्रांवर येते. तिमिलवादकांतील प्रमुख नेतृत्व करतो व इलत्ताळम्, म्हणजे झांजा, तालाचा आधार देतात. एवढ्या दीर्घ आवर्तनात कोणीही एकट्याच्या उत्साहाने लय वाढवीत नाही. सर्वांची लय एकत्रच वाढते.

नवा वादक लय बिघडवितो तो बहुधा तीन ठिकाणी: आवाज वाढवावयाचा असतो तेथे तो धावू लागतो, आवाज कमी करावयाचा असतो तेथे रेंगाळतो आणि मौनाच्या आवर्तनांत मोजणी सोडून देतो. यांपैकी तिसरी चूक सर्वांत घातक. चाळीस आवर्तने गप्प बसणे म्हणजे विश्रांती नव्हे. त्या काळातही वादक वृंदाचाच घटक असतो. प्रत्येक आवर्तनाला बोट मोजावे. त्याचबरोबर आपल्या प्रवेशापूर्वी कोणते वाद्य कोणती जागा घेते हेही कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवावे. मोजणी चुकली, तरी ती खूण साहाय्यास येते.

मिथस्त्रुटितनिर्वाह

एकाकडून जे तुटते ते दुसऱ्याने सांभाळून घ्यावे, असा या चौथ्या गुणाचा आशय आहे. चुका होणार हे शार्ङ्गदेवाने गृहीत धरले आहे, ही गोष्ट नव्या वादकाला मोठा धीर देणारी आहे. चूक न होणे हा वृंदाचा गुण त्याने सांगितला नाही; चूक सावरून नेणे हा सांगितला.

सावरण्याची रीत शिकता येते. स्वर निसटला तर तो पुन्हा वाजविण्यासाठी मागे जाऊ नये. वृंद पुढे गेलेला असतो. जागा सापडत नसेल तर थांबावे, वाद्य तयार ठेवावे आणि पुढच्या समेवर शांतपणे प्रवेश करावा. चुकलेल्या स्वरापेक्षा त्यानंतरची वादकाची ओशाळी मुद्राच श्रोत्यांच्या अधिक लक्षात येते. शेजाऱ्यानेही अशा वेळी मान वळवून पाहू नये; आपली ओळ अधिक स्पष्ट वाजवावी, म्हणजे चुकलेल्याला तिचा आधार मिळतो.

हाच गुण चूक नसतानाही उपयोगी पडतो. बासरी किंवा सनईवर एखादा स्वर दीर्घकाळ धरावयाचा असेल, तर सर्वांनी एकाच क्षणी श्वास घेतल्यास मध्ये पोकळी पडते. म्हणून शेजारी बसणाऱ्यांनी श्वासाच्या जागा आधीच वाटून घ्याव्यात. एक श्वास घेत असता दुसरा स्वर धरून ठेवतो आणि श्रोत्यांना अखंड नाद ऐकू येतो. त्या नादात कोणा एकाचा श्वास पुरलेला नसतो. परस्परांवरील विश्वास पुरलेला असतो.

त्रिस्थानव्याप्ती

मंद्र, मध्य व तार ही तिन्ही स्थाने व्यापण्याची शक्ती वृंदात असावी, हा पाचवा गुण. एकल वादक तिन्ही सप्तकांत स्वतःच फिरतो. वृंदात ही स्थाने वाटून दिलेली असतात. बासरी तार सप्तकात गात असेल, तेव्हा सरोदच्या वाट्याला मंद्रातील चार-दोन स्वर येतात. असा भाग मिळालेल्या नव्या वादकाला तो क्षुद्र वाटतो व तो त्यात स्वतःच्या हरकती भरू लागतो. परिणामी बासरीचा आधार ढळतो. आपल्या भागाचे मोल कळण्याचा एक सोपा उपाय आहे. तालमीत संचालकाच्या संमतीने एकदा आपला भाग न वाजविता सर्व रचना ऐकावी. काय उणे पडले ते कानाला लगेच समजते.

शब्दसादृश्य

शेवटचा गुण ध्वनीच्या सारखेपणाचा. दहा सतारी मध्यमावरून पंचमापर्यंत मींड घेतात, तेव्हा सर्वांचा आरंभ व शेवट नेमका असला तरी मधला प्रवास निरनिराळ्या गतीने झाला, तर ऐकू येतो तो केवळ गलबला. प्रत्येकाच्या घराण्याची मींड आपापल्या जागी सुंदरच असते. येथे मात्र एकच निवडावी लागते. पंडित भातखंडे यांच्या स्वरलिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ आणि सप्तकांसाठी बिंदू अशा खुणा आहेत. परंतु मींडेची गती कोणत्याही लिपीत पुरती उतरत नाही. ती तालमीतच, मुख्य वादकाचा हात पाहून उचलावी लागते. व्हायोलिनवादकांनी गज एकाच दिशेने ओढावा, हा आग्रह दिखाव्यासाठी नसतो. खाली येणाऱ्या व वर जाणाऱ्या गजाचा आघात वेगळा असतो.

आवाजाच्या मोठेपणाविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. दहा व्हायोलिने सारख्या जोराने वाजली, तरी कानाला जाणवणारा आवाज एका व्हायोलिनच्या दहापट होत नाही. तो साधारणतः दुप्पट वाटतो. मोठा नाद हवा असेल तर तो सर्वांनी मिळून निर्माण करावयाचा असतो. एकट्याने जोर लावला तर त्याचा आवाज फक्त बाहेर डोकावतो. शेजाऱ्याचे वाद्य ऐकू येईनासे झाले, की आपला आवाज मर्यादेबाहेर गेला असे समजावे.

आरंभीच्या शंकेचे उत्तर या सहा गुणांत मिळते काय? इतिहास त्यास होकार देतो. मैहर संस्थानात विसाव्या शतकाच्या आरंभकाळात उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी साथीच्या रोगात अनाथ झालेल्या मुलांना हाताशी धरून एक वाद्यवृंद उभा केला. बंदुकीच्या नळ्यांपासून त्यांनी ‘नलतरंग’ हे वाद्य बनविले, ते याच वृंदासाठी. त्याच गुरूने रविशंकर, अली अकबर खाँ व अन्नपूर्णादेवी यांच्यासारखे थोर एकल वादकही घडविले. आकाशवाणीने १९५२ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय वाद्यवृंद स्थापन केला, तेव्हा त्याची धुरा टी. के. जयराम अय्यर यांच्याबरोबर रविशंकर यांनी वाहिली. पुढे १९५६ मध्ये बासरीवादक पन्नालाल घोष त्याचे संचालक झाले. तेही अल्लाउद्दीन खाँ यांचेच शिष्य.

एकल वादन व वृंदवादन या दोन विद्या परस्परांच्या वैरी असत्या, तर एकाच गुरुगृही त्या नांदल्या नसत्या. एकट्याने केलेल्या साधनेतून स्वराची शुद्धता येते आणि तीवाचून वृंद उभाच राहत नाही. वृंदात बसल्याने दुसऱ्याचा स्वर ऐकण्याची सवय लागते. घरी परतून तंबोऱ्यासमोर बसलेल्या वादकाला तिचा उपयोग त्याच रात्री जाणवू लागतो. पहिल्या कार्यक्रमानंतर नव्या वादकाचे नाव घेऊन कोणी स्तुती केली नाही, तर त्याने खिन्न होऊ नये. त्याचे वाद्य वेगळे ऐकू आले नाही, याचा अर्थ ते वृंदात मिळून गेले होते.