चिठ्ठीवाचून निरोप

जून महिन्यातील दुपार. उत्तर इंग्लंडमधील एका लहानशा घराच्या परसात एक वृद्ध गृहस्थ मान वर करून उभे आहेत. त्यांच्या पाठीशी लाकडी फळ्यांची ढाबळ आहे. हातात दाण्यांचा पत्र्याचा डबा आहे. चहाचा पेला केव्हाच निवून गेला आहे; पण त्यांची दृष्टी दक्षिणेकडील आकाशावरून हलत नाही. त्यांचे कबुतर त्या दिवशी पहाटे फ्रान्समधील एका गावी करंडीतून मोकळे केले गेले आहे. ते गाव आणि ही ढाबळ यांच्यामध्ये शेकडो किलोमीटरांचे अंतर आहे. आणि त्या अंतराच्या मधोमध समुद्र आहे.

शर्यत म्हटली की सर्वांनी एका ठिकाणाहून निघावयाचे आणि एकाच ठिकाणी पोचावयाचे, अशी आपली समजूत असते. कबुतरांची शर्यत याहून निराळी आहे. सारी कबुतरे एका ठिकाणाहून सुटतात खरी, परंतु प्रत्येक कबुतर आपापल्या घरी जाते. शर्यतीच्या कबुतराला दुसरीकडे कोठे जाण्यास शिकविलेले नसते. त्याला एकच वाट ठाऊक असते, ती घराची. साहजिकच कोणाचे घर जवळ असते, तर कोणाचे दूर. मग पहिला आला कोण, हे ठरवावयाचे कसे? त्यासाठी गणिताचा आधार घ्यावा लागतो. सुटण्याच्या जागेपासून प्रत्येक ढाबळीचे अंतर आधीच काटेकोर मोजलेले असते. कबुतर घरी पोचले की वेळ नोंदली जाते. अंतराला वेळेने भागले की वेग मिळतो, आणि ज्याचा वेग अधिक ते कबुतर विजयी ठरते. अनुकूल हवेत चांगले कबुतर मिनिटाला ११०० मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६६ किलोमीटर वेगाने उडते.

वेळ नोंदण्याची जुनी रीत मोठी गमतीची होती. निघण्यापूर्वी कबुतराच्या पायात क्रमांक असलेले रबरी कडे घालीत. कबुतर आले की धन्याने ते कडे काढून मोहोरबंद घड्याळात टाकावयाचे, म्हणजे त्यावर वेळ उमटे. पण कडे काढण्यासाठी पक्षी हाती तर यावयास हवा! शेकडो किलोमीटर वाऱ्याच्या वेगाने आलेले कबुतर कधी कधी ढाबळीच्या छपरावरच बसून निवांतपणे पिसे साफ करू लागे, आणि खाली धनी डबा खुळखुळवीत त्याची मनधरणी करीत राही. आता पायातील कड्यात विजेच्या उपकरणाची बारीक चकती असते व उंबरठ्यावर पाऊल पडताच वेळ आपोआप नोंदली जाते. तरी डबा घेऊन उभे राहण्याची सवय पुष्कळांची सुटलेली नाही.

हे शर्यतीचे कबुतर काही वेगळ्या जातीचे नव्हे. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या वळचणीला, देवळांच्या कोनाड्यांत आणि विहिरींच्या कपारींत घुमणारा जो पारवा, त्याच्याच कुळातील ते आहे. युरोपात पारव्याचे मूळचे घर समुद्रकाठच्या उंच कड्यांच्या कपारींत असे. मनुष्याने त्याला पाळले, निवडून निवडून त्याची वीण वाढविली, आणि छातीचे स्नायू बळकट व घराची ओढ तीव्र असलेली जात तयार केली. आज चालते तशी शर्यत प्रथम बेल्जम देशात एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. तेथून ती इंग्लंडात गेली आणि खाणीतील मजुरापासून राजघराण्यापर्यंत सर्वांच्या आवडीची झाली. सन १८८६ मध्ये बेल्जमच्या राजाने इंग्लंडच्या राजघराण्यास कबुतरे भेट दिली होती.

जमिनीवरून उडणारे कबुतर थकले तर झाडावर बसते, एखाद्या ओढ्यावर पाणी पिते, छपराच्या आडोशाला रात्र काढते आणि सकाळी पुन्हा निघते. समुद्रावर यांतले काहीच नाही. बदक किंवा कुरव पाण्यावर तरंगत विश्रांती घेतो. कबुतराला ते साधत नाही. एकदा किनारा सोडला की पैलतीर येईपर्यंत पंख थांबविण्याची सोय नाही. फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यामधील इंग्लिश खाडी जेथे अरुंद आहे तेथे ती सुमारे ३४ किलोमीटर रुंद आहे. पश्चिमेकडे हीच रुंदी २०० किलोमीटरांहून अधिक भरते. वारा पाठीशी असेल तर ठीक. तो समोरून येऊ लागला, धुके उतरले किंवा पाऊस सुरू झाला, तर अर्धा किलो वजनाच्या त्या जिवाची कसोटी लागते. म्हणूनच पुष्कळ कबुतरे उघड्या पाण्यावर जाण्यास नाखूष असतात.

सन १९१३ मध्ये एक शर्यत थेट रोमहून इंग्लंडपर्यंत ठेवण्यात आली होती. डर्बी गावच्या चार्ली हडसन यांचे कबुतर तीत होते. त्याला १००१ मैल, म्हणजे १६०० किलोमीटरांहून अधिक अंतर कापावयाचे होते. वाटेत इटलीतील डोंगर, आल्प्सच्या रांगा, सारा फ्रान्स देश आणि अखेरीस समुद्र. पुष्कळ कबुतरे सोडण्यात आली. त्यांपैकी फारच थोडी परत आली. हडसन यांचे कबुतर त्यांत पहिले ठरले व लोक त्याला ‘किंग ऑफ रोम’, म्हणजे रोमचा राजा, म्हणू लागले. मृत्यूनंतर त्याचे शरीर पेंढा भरून डर्बीच्या संग्रहालयात ठेवण्यात आले. जिंकणाऱ्याचे नाव असे शंभर वर्षे टिकते. न परतलेल्यांची मात्र कोणी आठवण काढीत नाही. त्यांच्याही ढाबळींपाशी कोणी तरी डबा घेऊन उभे असेलच.

कधीही न पाहिलेल्या ठिकाणाहून कबुतराला घर सापडते तरी कसे? शास्त्रज्ञांनी यावर पुष्कळ प्रयोग केले आहेत. सूर्य हे कबुतराचे होकायंत्र आहे. सूर्य दिवसभर जागा बदलतो, म्हणून दिशा कळण्यासाठी वेळही कळावी लागते. तेव्हा कबुतराच्या शरीरात जणू एक घड्याळच असले पाहिजे. हे पडताळण्यासाठी काही कबुतरांना बंद खोलीत ठेवून त्यांच्यासाठी कृत्रिम दिव्यांनी दिवस सहा तासांनी पुढे-मागे केला. बाहेर सोडताच ती खऱ्या दिशेशी सुमारे काटकोन करून भलतीकडेच निघाली! पण मग ढगाळ दिवशी काय? विल्यम कीटन या अमेरिकन शास्त्रज्ञाने कबुतरांना लहान लोहचुंबक बांधून पाहिले. सन १९७१ मध्ये त्याने प्रसिद्ध केले की, सूर्य दिसत असता चुंबकाने त्यांचे काही बिघडत नाही. आभाळ भरलेले असता मात्र त्यांचा गोंधळ उडतो. याचा अर्थ, सूर्य नसेल तेव्हा पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आधार त्यांना मिळत असावा. इटलीतील शास्त्रज्ञांना आढळले की, वास घेण्याची शक्ती नाहीशी केली तर अनोळखी मुलखातून कबुतरांना घर गाठता येत नाही. ओळखीच्या प्रदेशात तर ती रस्ते आणि कुंपणे यांच्या ओळी धरूनही उडतात. समुद्रावर ना रस्ता, ना कुंपण. तेथे हा शेवटचा आधार तुटतो.

इतक्या सामग्रीनिशी निघालेले पक्षीही कधी कधी हरवतात. सन १९९७ च्या जून महिन्यात इंग्लंडमधील कबुतर-शर्यतींच्या मुख्य संस्थेला शंभर वर्षे झाली. त्यानिमित्त फ्रान्समधील नांत येथून सुमारे ६०,००० कबुतरे सोडण्यात आली. हवा वाईट नव्हती. तरीही संध्याकाळ झाली, रात्र झाली, आणि हजारो ढाबळी रिकाम्याच राहिल्या. कित्येकांनी आयुष्यभर वाढविलेली उत्तम कबुतरे त्या एका दिवसात नाहीशी झाली. पुढे सन २००० मध्ये जोनाथन हॅगस्ट्रम या अमेरिकन भूवैज्ञानिकाने एक तर्क मांडला. मनुष्याला ऐकू न येणारे फार खालच्या पट्टीतील आवाज कबुतरांना ऐकू येतात व त्यांवरून ती वाट ओळखतात. कबुतरांचा थवा खाडीवर असताना ध्वनीहून वेगवान असे काँकॉर्ड विमान त्याच बाजूने गेले, त्याच्या हादऱ्याने ती ओळख पुसली गेली, असे त्याचे म्हणणे. सर्वांना हा तर्क पटलेला नाही. काँकॉर्डची उड्डाणे २००३ साली कायमची थांबली, आणि ती कबुतरे काही परत आली नाहीत.

कबुतराला समुद्रावर पाठविण्याचे याहून गंभीर कारणही एका काळी होते. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटनमधील हौशी लोकांनी आपली सुमारे २ लाख कबुतरे सरकारला दिली. समुद्रावरून जाणाऱ्या लढाऊ विमानांत कबुतरे ठेवण्याची पद्धत पडली. विमान पडले आणि बिनतारी यंत्र निकामी झाले, तर पायाला ठिकाणाची चिठ्ठी बांधून कबुतर सोडावयाचे, असा त्यामागील हेतू होता.

सन १९४२ च्या २३ फेब्रुवारीची गोष्ट. नॉर्वेवरील कामगिरीहून स्कॉटलंडकडे परतणारे ब्यूफोर्ट जातीचे एक बॉम्बफेकी विमान शत्रूच्या माऱ्याने घायाळ होऊन उत्तर समुद्रात पडले. आत चौघे वैमानिक होते. आपण नक्की कोठे आहोत, हे बिनतारी यंत्रावरून कळविणे त्यांना जमले नाही. फेब्रुवारीत उत्तर समुद्राचे पाणी असे गार असते की, त्यात मनुष्य फार काळ जगत नाही. त्यांच्यासोबत एक कबुतर होते. निळसर राखी रंगाची, पंखांवर चौकटीदार नक्षी असलेली मादी. पुढे ‘विंकी’ या नावाने जगाला ठाऊक झाली ती हीच. त्या धांदलीत ती बाहेर पडली आणि उडाली. तिच्या पायाला चिठ्ठी नव्हती.

विंकीचे घर डंडी शहरानजीकच्या ब्रॉटी फेरी येथे होते. तेथपर्यंत अंतर सुमारे १२० मैल, म्हणजे १९० किलोमीटरांहून अधिक. आणि खाली सगळे पाणीच. तिची पिसे तेलाने माखलेली होती. तेल लागले की पिसे एकमेकांना चिकटतात, पंख जड होतात, आणि प्रत्येक फडफडीला दुप्पट बळ लागते. तरीही ती पोचली. तिचे धनी जॉर्ज रॉस यांना ती ढाबळीत दिसली, तेव्हा ती अगदी गळून गेली होती.

रॉस यांनी आपले कबुतर परत आले म्हणून समाधान मानले असते, तर ही हकीकत येथेच संपली असती. त्यांनी तत्काळ ल्यूकर्स येथील विमानदलाच्या तळाला कळविले. पण कळवून काय उपयोग? चिठ्ठी नाही, खूण नाही. एक दमलेला पक्षी तेवढा हाती. तेथे त्या शर्यतीच्या गणिताने काम केले, मात्र उलट्या दिशेने. शर्यतीत अंतर माहीत असते, वेळ मोजतात आणि वेग काढतात. येथे विमान कोसळल्याची वेळ आणि विंकी पोचल्याची वेळ ठाऊक होती. कबुतर किती वेगाने उडते, हेही ठाऊक होते. काढावयाचे होते ते अंतर. वेळेने वेगाला गुणले की झाले, असे वाटेल. पण वारा कोणत्या दिशेचा होता? तेलाने माखलेल्या पंखांनी वेग किती घटला असेल? या गोष्टीही जाणकारांनी हिशेबात धरल्या. अशा रीतीने समुद्राच्या त्या अफाट पसाऱ्यात शोधण्याजोगी एक जागा निश्चित झाली. विमाने तिकडे धाडण्यात आली, आणि ते चौघेही जिवंत सापडले.

सुटून आल्यावर त्या चौघांनी विंकीच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. पाहुणी आपल्या पिंजऱ्यात बसून होती. पुढच्याच वर्षी मारिया डिकिन या बाईंनी युद्धात कामगिरी बजावणाऱ्या प्राण्यांसाठी एक पदक सुरू केले. ते पहिल्याने देण्यात आले २ डिसेंबर १९४३ रोजी, तीन कबुतरांना. विंकी त्यांतील एक होती. तिच्या पदकाच्या नोंदीत, अत्यंत कठीण परिस्थितीत संदेश पोचविल्याबद्दल, असे कारण दिले आहे. चिठ्ठी तर तिच्यापाशी नव्हती. पण नोंद लिहिणाराने चूक केली असे म्हणवत नाही.

विंकीच्या मृत्यूनंतर रॉस यांनी तिचे शरीर डंडीच्या संग्रहालयाला दिले. ज्या ढाबळीत ती त्या दिवशी उतरली, तेथून ते संग्रहालय अगदी थोड्या अंतरावर आहे.