अतिदक्षता विभागाच्या दाराशी

रुग्णाभ्यंगाचे तेल घेऊन आम्हांला अतिदक्षता विभागात वेळी-अवेळी जावे लागते. आम्हांला आत सोडतात; रोग्याची कारभारीण मात्र बाहेर जिन्यावर बसून असते. "फादर, आम्हांलाच का अडवतात?" असे ती विचारते. म्हणून यंदा खतांचा विषय बाजूस ठेवून याविषयी लिहितो.

डॉक्टर व परिचारिका दुष्टपणाने अडवीत नाहीत. आम्ही त्यांना विचारले. गर्दीबरोबर जंतू येतात, ऐन धावपळीत माणसे आड येतात, नळीला कोणाचा धक्का लागतो, आणि दर तासाला नव्या पाहुण्याला तेच ते सांगावे लागते, असे त्यांचे म्हणणे. ही शेवटची तक्रार आम्हांला अगदी खरी वाटली. आपल्याकडे एक जण आजारी पडला की अर्धा गाव टेम्पोत चढतो!

जंतूंच्या भीतीची परीक्षा इटलीतील फ्लॉरेन्स येथे झाली. निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. काही महिने भेटीच्या वेळा बांधून दिल्या, काही महिने केव्हाही, पण एका वेळी एकालाच सोडले. मोकळ्या भेटीच्या काळात खोलीत जंतू अधिक सापडले, तरी रोग्यांना होणारा संसर्ग वाढला नाही. उलट बांधील वेळांच्या काळात हृदय व रक्ताभिसरणाचे गंभीर बिघाड सुमारे दुप्पट झाले. पुढे ब्राझीलमध्ये ३६ अतिदक्षता विभागांत दिवसाला १२ तासांपर्यंत भेट देऊन पाहिली. २०१९ साली छापलेल्या त्या अहवालानुसार रोग्यांचा भ्रम फारसा कमी झाला नाही. पण नातेवाइकांची चिंता कमी झाली आणि कर्मचाऱ्यांचा थकवाही वाढला नाही.

तेव्हा मागणे करायचे ते असे करावे: घरातले एकच माणूस ठरवा, त्याचे नाव मुख्य परिचारिकेला सांगा, आणि डॉक्टरांशी त्यानेच बोलावे. बाकीच्यांनी त्याला विचारावे. आत जाताना साबणाने हात धुवा. सर्दी-खोकला असलेल्याने जाऊ नये. पवित्र पाणी यंत्रांवर शिंपडू नका. कपाळावर क्रूसाची खूण केली तरी पुरे.

आत गेल्यावर काय करावे, हे मण्यार चावलेल्याच्या बाबतीत तरी नीट ध्यानात ठेवा. पावसाळ्यात खाली जमिनीवर झोपणाऱ्याला ही रात्री डसते, पुष्कळदा दुखतही नाही. विषाने स्नायू लुळे पडतात, पापणीसुद्धा उचलत नाही, श्वास व्हेंटिलेटरवर चालतो. पाहणाऱ्याला वाटते, माणूस संपला. पण तो शुद्धीवर असू शकतो व सारे ऐकत असतो. त्याच्या उशाशी रडून "आता काही राहिले नाही" म्हणणारे आम्ही पाहिले आहेत. त्याचा हात धरा, आपण कोण ते सांगा. रोपणी कुठवर आली, म्हैस किती दूध देते, धाकटा शाळेत जातो की नाही, हे सांगत बसा.