आधी अक्षरं, मग चौकटी

अण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनाला संगीत नाटकांवरचं शब्दकोडं स्वतः रचून द्यायचं तुझ्या मनात आहे, हे ऐकून बरं वाटलं. शाल आणि चांदीचं निरांजन बाकीचे देतीलच. फक्त तू वहीत चौकटी आखून, काळी घरं रंगवून बसली आहेस म्हणे. ते पान फाडून टाक. आखलेल्या चौकटीत शब्द कोंबायला गेलीस की शेवटी कोशातून कुणी न ऐकलेले शब्द उपसावे लागतात. आधी यादी कर.

यादी मोठी हवी. कोड्यात वीस शब्द बसवायचे तर हाताशी साठ असू देत. नाटकं, नाटककार, पात्रं, गायक नट, राग, पेटी, ऑर्गन, नांदी, सूत्रधार, अगदी तिसरी घंटासुद्धा. प्रत्येक शब्दापुढे त्याची घरं पाडून लिही. 'लक्ष्मीधर' म्हणजे ल, क्ष्मी, ध, र अशी चार घरं. 'किर्लोस्कर'चीही कि, र्लो, स्क, र अशी चारच. जोडाक्षर कितीही बोजड असलं तरी त्याला एकच घर, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार त्याच घरात.

खरी गोम इथेच आहे. इंग्रजी कोडं रचणाऱ्याला सव्वीस अक्षरांत भागतं. आपल्याकडे र ला रा चालत नाही, री चालत नाही आणि रं तर नाहीच. 'शारदा'च्या मधल्या र पासून 'रंगभूमी' सुरू करावी असं कुणालाही वाटेल, पण तो रं आहे. म्हणून प्रत्येक घर आडव्या-उभ्या दोन्ही शब्दांत यावं असा हट्ट मराठीत धरायचा नाही. एखादा शब्द दोन ठिकाणी छेदला गेला की पुष्कळ झालं. काळी घरं जास्त पडली तर पडू देत. जाळी उलटी धरली तरी तशीच दिसावी हा इंग्रजी कोड्यांचा दंडकही आपण डोक्यावर घ्यायचं कारण नाही. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ च्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये जे पहिलं शब्दकोडं छापलं, ते तर चौकोनीसुद्धा नव्हतं. हिऱ्याच्या आकाराचं आणि मध्ये पोकळ होतं.

तुझी यादी झाली की एक गोष्ट लगेच दिसेल. या नाटकवाल्यांकडे शेवटचा र फार. खाडिलकर, किर्लोस्कर, सुधाकर, धैर्यधर, लक्ष्मीधर, स्वयंवर, सगळे र वर येऊन थांबतात. तेव्हा नुसता र सुरुवातीला किंवा मधे असलेले शब्द मुद्दाम गोळा कर: रसिक, शारदा, भैरवी, सरगम, भरतवाक्य. हे सांधे जोडणारे शब्द. यांच्यावाचून बाकीची मोठी नावं एकमेकांना क्वचितच भेटतात.

आता पेन्सिल घे. गणिताच्या चौकटीच्या वहीत डावीकडे 'खाडिलकर' वरून खाली लिही. तिसऱ्या घरात ल आला. तिथून उजवीकडे 'लक्ष्मीधर' सोड. त्याचा र चौथ्या रकान्यात पडतो. त्या र च्या वर शा आणि खाली दा लिहिलंस की 'शारदा' उभी राहिली. 'खाडिलकर'च्या तळाच्या र पासून उजवीकडे 'रसिक'. पाच ओळी, चार रकाने आणि चार शब्द, एकही ओढूनताणून आणलेला नाही.

आता दुसरी मांडणी करून बघ. 'स्वयंवर' आडवा, त्याच्या व मधून 'देवल' उभा, आणि देवलांच्या ल पासून 'लक्ष्मीधर' आडवा. दिसायला झकास. पण 'स्वयंवर'च्या र खाली क्ष्मी येऊन बसते आणि 'रक्ष्मी' असं काही मराठीत नाही. दोन आडवे शब्द लागोपाठच्या ओळींत आले की अशी भुतं निघतात. नवा शब्द लिहिलास की तो तपासायच्या आधी त्याच्या शेजारची घरं तपास.

क्रमांक शेवटी घालायचे: डावीकडून उजवीकडे, वरून खाली, आणि शब्द जिथे सुरू होतो त्याच घरात. आपल्या पहिल्या मांडणीत खाडिलकर १, शारदा २, लक्ष्मीधर ३ आणि रसिक ४. एकाच घरातून आडवा आणि उभा असे दोन्ही शब्द निघत असतील तर दोघांना मिळून एकच क्रमांक.

शुद्धलेखनावर अण्णा अडून बसतील हे धरूनच चाल. त्यांची शाळा १९६२ च्या लेखननियमांच्या आधीची. 'नांव' आणि 'पांच' त्यांच्या बोटांत बसलेत. असे शब्द घेऊच नकोस. 'रसिक'ची सि ह्रस्व, 'सूत्रधार'चा सू दीर्घ. शंका आली की कोश उघड. एक वेलांटी चुकली की उभा आणि आडवा असे दोन शब्द बिघडतात.

सूचना लिहिताना मात्र नियमापेक्षा माणूस ओळखावा लागतो. 'शारदा'ला '१८९९ सालचं देवलांचं नाटक' एवढंच लिहिलंस तर ती परीक्षेची प्रश्नपत्रिका झाली. 'भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघालेली पोर' लिही, अण्णा हसतील. 'लक्ष्मीधर'ला 'पैसा रग्गड, छाती पोकळ'. काही सूचना घरच्या असू देत, म्हणजे 'भैरवी'ला 'ही सुरू झाली की आजी चपला शोधायला लागायची'. पण घरच्या सूचनेचं उत्तर बाहेरच्यालाही छेदातून काढता आलं पाहिजे. दोन अनोळखी नावं एकाच घरात कधी भेटवू नकोस. 'शारदे'तला भद्रेश्वर आणि 'मानापमाना'तला धैर्यधर र वर भेटले, तर नाटकं न पाहिलेली तुमची पिढी तिथेच पेन्सिल खाली ठेवेल. त्यातल्या एकाला 'रसिक'शी गाठ घालून दे. शिवाय सूचना अनेकवचनी तर उत्तरही अनेकवचनी. 'नाटकात गातात ती' याचं उत्तर 'पदे', 'पद' नव्हे. एवढीशी गोष्ट, पण छापील कोड्यांतही चुकलेली दिसते.

पक्की प्रत काढताना घर दीड सेंटिमीटरचं ठेव. वर रफार, खाली उकार आणि कोपऱ्यात क्रमांक, एवढं सगळं त्यात मावायचं असतं, आणि लिहिणारा हात ऐंशीच्या पुढचा आहे. नऊ बाय नऊची जाळी साडेतेरा सेंटिमीटर होते, ए-फोर कागदावर आरामात बसते. सूचना दुसऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत काढ, म्हणजे पान उलटसुलट करावं लागत नाही. समारंभाच्या आधी एकदा शेजारच्या कुणाला तरी सोडवायला दे आणि समोर गप्प बसून बघ. पेन्सिल जिथे बराच वेळ अडेल ती सूचना बदल. मदत करायची नाही, डोळ्यांनीसुद्धा नाही.

उत्तरांचा कागद पाकिटात बंद करून माझ्याकडे दे. अण्णांच्या हाताशी ठेवलास तर ते आधी तोच उघडतील.