धातू दोन, चढ एक

सोडियमवर पुरेशा कंप्रतेचा प्रकाश पडला, की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. त्यांना थोपवण्यास लागणारे विभव कंप्रतेबरोबर वाढते. आलेख सरळ रेषा येतो. लिथियमचीही रेषाच, पण जागा वेगळी. धातू कोणताही घ्या, रेषेचा चढ तोच, हे आइन्स्टाइन यांच्या १९०५ च्या सिद्धांतातून निघते. मिलिकन यांना तो सिद्धांत पटत नव्हता. पण १९१६ मध्ये त्यांच्याच प्रयोगांनी हे समीकरण खरे ठरवले!

समजा, तुमच्याकडे दर धातूची पाच-सहाच निरीक्षणे आहेत. रेषा स्वतंत्र काढल्या, तर चढ थोडे वेगळे येणारच. मग दोन्ही मिळून एक चढ कसा काढावा? प्रत्येक धातूच्या कंप्रतांची आणि विभवांची सरासरी काढून ती त्याच धातूच्या आकड्यांतून वजा करा. आता सारे बिंदू एकाच आलेखावर मांडा आणि आरंभबिंदूतून, त्यांना सर्वांत जवळची रेषा काढा. तिचा चढ तोच समाईक चढ. त्याला इलेक्ट्रॉनच्या भाराने गुणले, की प्लांकचा स्थिरांक मिळतो.

स्वतंत्र रेषा मात्र आधी काढाच. आइन्स्टाइन यांचे म्हणणेच तपासायचे असेल, तर चढ समान आहे हे अगोदरच धरून कसे चालेल?