गावाची आठ दिवसांची शिदोरी
(परिसर अभ्यास : इयत्ता ४ थी व ५ वी)



'आपले गाव' हा पाठ आपण दरवर्षी शिकवितो. गावाच्या चतुःसीमा, नदी, देऊळ, बाजार, टपाल कचेरी ही माहिती मुले पाठ करतात आणि परीक्षेत बिनचूक उतरवितात. या सत्रात त्या पाठाला जोडून एक प्रश्न वर्गापुढे ठेवावा, असे सुचवावेसे वाटते. रस्ता आणि वीज ही दोन्ही आठ दिवस बंद पडली, तर आपल्या गावाला स्वतःच्या बळावर तग धरता येईल काय?

हा प्रश्न कल्पनेतला नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि त्या पुराने कल्याण, बदलापूर व भिवंडी या भागांचीही दैना केली. तो दिवस पाहिलेली माणसे प्रत्येक गावात आहेत. पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले होते, लोक कोठे जाऊन राहिले, पहिले अन्न कोठून आले, हे मुलांनी त्यांनाच विचारावे. पुस्तक त्यानंतर उघडावे.

मी भिवंडीजवळील नारपोलीचे उदाहरण घेतो. एके काळचे हे गाव आज महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते आणि दिवसरात्र यंत्रमागांचा खडखडाट ऐकते. तेथून ठाण्याच्या वाटेला लागले की राहनाळ, पूर्णा, काल्हेर, कशेळी अशी गावे लागतात. जेथे भाताची खाचरे होती, तेथे आता गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. अशाच एका गावच्या शाळेत मी मुलांना विचारले, "गावात धान्य किती?" एक मुलगा उठून म्हणाला, "गोदामे भरून आहे, साहेब." मागच्या बाकावरील मुलगी हळूच म्हणाली, "पण त्याची किल्ली आपल्याकडे नाही." त्या दिवशी पाठ मी घेतला नाही, त्या मुलीनेच घेतला.

गावात असलेली वस्तू आणि गावाच्या हाती असलेली वस्तू यांतील हा भेद मुलांच्या मनावर ठसला पाहिजे. पाण्याच्या बाबतीत तो अधिकच स्पष्ट दिसतो. तानसा धरण १८९२ साली पूर्ण झाले आणि तेव्हापासून त्याचे पाणी मुंबईस जात आहे. मुंबईस पाणी पुरविणारी पिसे व पांजरापूर ही केंद्रे तर भिवंडी तालुक्यातच आहेत. मोठमोठे नळ शेतांच्या बांधावरून जातात, परंतु त्यांच्या शेजारच्या पाड्यावरील बाई उन्हाळ्यात हंडा घेऊन विहिरीचीच वाट धरते.

येथे गणिताचा तास जोडून घ्यावा. संकटकाळात पिणे, स्वयंपाक व अत्यावश्यक स्वच्छता यांसाठी माणशी रोज १५ लिटर पाणी धरतात. पाच माणसांच्या घरास ७५ लिटर लागतील, म्हणजे २०० लिटरचे पिंप तीन दिवसही पुरत नाही. आता छपराकडे पाहावे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आपल्याकडे वर्षाला सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेव्हा २० चौरस मीटरच्या लहानशा छपरावरही ५०,००० लिटर पाणी पडते. उणीव पावसाची नसून साठवणीची आहे, हे मूल स्वतःच्या हिशेबातून शिकेल. मग विहीर पाहावी. तिचा कठडा पुराच्या खुणेहून उंच आहे काय? वीज नसताना पाणी काढण्यास दोर व पोहरा आहे काय? ग्रामपंचायतीत टीसीएल पावडर शिल्लक आहे काय, आणि ती किती जुनी आहे?

धान्याचा हिशेबही असाच करावा. माणशी रोज ४०० ग्रॅम धरले तर पाच जणांना दिवसाला २ किलो धान्य लागते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबास माणशी महिना ५ किलो, म्हणजे या घरास २५ किलो मिळते. ते साडेबारा दिवस पुरेल. उरलेले दिवस कशावर निघतात, हे शेतकऱ्यास, मजुरास व दुकानदारास विचारावे.

हे मोजमाप कोणत्या महिन्यात केले यावर पुष्कळ अवलंबून असते. मे महिन्यात कणगीत भात असेल, पण विहीर तळाला गेलेली असते. जुलैत पाणी उदंड, मात्र कणगी रिकामी आणि सरपण ओले. पडघा, गणेशपुरी, वज्रेश्वरी या बाजूच्या पाड्यांवर नाचणी, वरी, रानभाज्या यांची जाण अजून टिकून आहे. त्या बाबतीत ते पाडे खाडीकाठच्या सधन गावांहून सरस ठरतील, असे माझे मत आहे. परंतु तेथील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. तेव्हा मोजणी कोणाची होते आणि कोण गळते, इकडे लक्ष असू द्यावे. गोदामांच्या गावी आणखी एक गोष्ट पाहावी लागेल. शाळेजवळच्या गोदामात काय साठविले आहे, हे कोणास ठाऊक आहे काय? या भागात गोदामांना आगी वारंवार लागल्या आहेत. ही चौकशी मात्र शिक्षकांनी स्वतः करावी, मुलांना पाठवू नये.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे नाव आपण ऐकले असेलच. आपल्या पावसाच्या एका लहानशा हिश्श्यावर ते गाव भागविते, कारण तेथे दरवर्षी पाण्याचा जमाखर्च ग्रामसभेपुढे मांडून मगच पिके ठरतात. आपल्याकडे पाऊस एवढा पडतो की असा जमाखर्च मांडण्याची गरज कोणास वाटली नाही.

एक सूचना आग्रहाने करतो. घरोघरची कणगी व पिंपे मोजताना कोणत्याही घराचे नाव फळ्यावर लिहू नये. ज्याच्या घरी दोनच दिवसांचे धान्य आहे, त्या मुलाला वर्गात मान खाली घालावी लागली, तर हा पाठ न घेतलेला बरा. आकडे वाडीवार एकत्र करावेत.

छापील नमुना पाठविलेला नाही. वहीच्या पानावर 'घरात', 'गावात', 'बाहेरून' असे तीन रकाने आखले म्हणजे पुरे. जुलैअखेर माहिती गोळा करून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत इयत्ता ५ वीच्या मुलांनी ती वाचून दाखवावी व एक प्रत केंद्रप्रमुखांकडे द्यावी. 'बाहेरून' हा रकाना भरला आणि पहिले दोन मोकळे राहिले, तरी ते तसेच वाचावे. सरपंचांना बरे वाटावे म्हणून त्यात खाडाखोड करू नये.