वृद्धापकाळचा नाताळ परमुलखात

नाताळ जवळ आला म्हणजे आपल्या गावोगावच्या मंडळ्यांत एकच विचारपूस चालू असते : घरी कोण येणार व कोणाचे येणे होणार नाही. मुंबई-पुण्यास नोकरीस असलेला मुलगा रजा मिळवून येतो, सासरी गेलेली मुलगी लेकरांसह माहेरी येते, आणि म्हातारी माणसे ओसरीवर बसून वाटेकडे डोळे लावतात. म्हातारपणी सणाच्या दिवशी आपली माणसे भोवती असावीत, ही इच्छा काही पापाची नव्हे. म्हणूनच ज्या एका जोडप्याने आपल्या वृद्धपणाचे नाताळ परमुलखात घालविले, आणि एकदा तर एकमेकांपासूनही शेकडो मैल दूर राहून घालविला, त्यांची हकीकत या पाठात वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शास्त्रभाग पाहू. लूककृत शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय आपण दर वर्षी वाचतो, आणि मेंढपाळ व देवदूत यांजकडेच आपले लक्ष जाते. पण त्या अध्यायांत म्हातारी माणसे किती आहेत हे वाचकांनी मोजून पाहावे. जखऱ्या व अलीशिबा, शिमोन, आणि ८४ वर्षांची विधवा हन्ना. जखऱ्यास देवदूताचे दर्शन झाले ते आपल्या घरी नव्हे, तर डोंगराळ प्रदेशातील आपल्या गावापासून दूर, मंदिरात पाळीची सेवा करीत असता झाले. त्यानंतर त्याची वाचा गेली, तरी तो तसाच उठून घरी गेला नाही. पाळीचे दिवस भरल्यावर गेला (१:२३). हे लहानसे वचन आपण सहज ओलांडून जातो. इतके दिवस अलीशिबा घरी एकटी होती, हे तर आपल्या मनातही येत नाही. पुढील गोष्ट वाचताना या दोघांची आठवण ठेवावी.

रॉबर्ट मॉफॅट यांचा जन्म २१ डिसेंबर १७९५ रोजी स्कॉटलंडात झाला. ते माळीकाम शिकलेले, शिक्षण बेताचे. लंडन मिशनने त्यांस १८१६ साली दक्षिण आफ्रिकेत पाठविले. त्यांची वाग्दत्त वधू मेरी स्मिथ हिच्या आईबापांनी प्रथम तिला जाऊ देण्यास साफ नकार दिला. पुढे त्यांचे मन वळले, आणि ती एकटी जहाजाने निघून १८१९ च्या डिसेंबरात केपटाऊनास पोहोचली. २७ डिसेंबर रोजी त्यांचा विवाह झाला. म्हणजे मॉफॅट साहेबांचा जन्मदिवस, प्रभूचा जन्मोत्सव आणि लग्नाचा वाढदिवस हे तिन्ही एकाच आठवड्यात येत. आपल्याकडे नाताळ म्हणजे शेकोटीचे दिवस. तिकडे मात्र डिसेंबर हा ऐन उन्हाळ्याचा महिना.

त्यांचे ठाणे कुरुमान. चोहोकडे रखरखीत, कोरडा मुलूख, पण तेथे जमिनीतून एक मोठा झरा निघतो. तो आजही दररोज सुमारे २ कोटी लिटर पाणी देतो. माळ्याचा धंदा शिकलेल्या मिशनऱ्यास याहून चांगली जागा कोणती मिळावी! पाट काढून त्यांनी बाग केली, पण माणसांच्या मनात काही उगवेना. अनेक वर्षे गेली तरी बाप्तिस्मा मागणारा कोणी नव्हता. दुभाष्यामार्फत उपदेश चाले, त्याची तर मौजच होती. आत्म्याचे तारण हा फार मोठा व महत्त्वाचा विषय आहे असे साहेब सांगत, आणि दुभाष्या लोकांस सांगे की आत्म्याचे तारण ही एक फार मोठी गोणी आहे! हे समजल्यावर साहेबांनी दुभाष्याचा आधार सोडून त्स्वाना लोकांमध्ये राहूनच त्यांची भाषा आत्मसात केली. ज्या उपदेशकांस आपण जे बोलतो ते लोकांस तसेच्या तसे पोहोचते असे वाटते, त्यांनी ही गोणी ध्यानात ठेवावी.

अशा उजाड दिवसांत शेफील्ड येथील एका मैत्रिणीने मॉफॅटबाईंस पत्र लिहून, आपण काय भेट पाठवू, असे विचारले. बाईंनी प्रभुभोजनाची भांडी मागितली. मंडळीत एकही सभासद नसता ही मागणी! १८२९ साली प्रथमच काही लोकांचा बाप्तिस्मा होऊन प्रभुभोजन ठरले, आणि नेमक्या त्याच वेळी, अवघे एकदोन दिवस आधी, ती पेटी कुरुमानास येऊन पोहोचली.

पण आम्हांस विशेष सांगावयाचे आहे ते त्यांच्या उतारवयाविषयी. १८५७ साली साहेबांनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे त्स्वाना भाषांतर पुरे केले. एवढे मोठे काम हातावेगळे झाल्यावर साठी उलटलेल्या माणसाने स्वदेशी परतून विसावा घेतला असता, तर त्यास कोणी नावे ठेविली नसती. त्याच सुमारास त्यांचे जावई डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या भाषणांनी इंग्लंडात मोठा उत्साह उत्पन्न झाला, आणि मिशनने आफ्रिकेच्या अंतर्भागात दोन नवी ठाणी घालण्याचे ठरविले. त्यांपैकी एक मटाबेले लोकांत, राजा म्झिलिकाझी याच्या मुलखात. या राजाचा गोऱ्या लोकांवर भरवसा नव्हता, तो एकट्या मॉफॅटांवर होता. त्यांची मैत्री १८२९ पासूनची. तेव्हा तरुण मिशनऱ्यांची ओळख करून देण्यास म्हाताऱ्यानेच जावे हे ओघानेच आले.

१८५९ सालचा नाताळ साहेबांनी असा इन्याती येथे काढिला. हे ठिकाण आताच्या झिंबाब्वेत असून कुरुमानापासून सहाशे मैलांहून अधिक दूर आहे, आणि तेथवर जाण्यास साधन बैलगाडीचे. त्याच आठवड्यात त्यांस ६४ वर्षे पुरी झाली. तेथे त्यांनी काय केले म्हणाल तर, पहाटेपासून रात्रीपर्यंत लाकडे कापणे, लोहाराचा भाता चालविणे, सुताराच्या बाकावर राबणे, आणि तरुणांस जे जमत नसे ते त्यांस दाखविणे. त्या तरुणांत त्यांचा स्वतःचा मुलगा जॉन हाही होता. १८६० च्या जूनपर्यंत ते तेथे राहिले. मंडळी म्हणावी असे तेथे काही नव्हते. पुढेही पुष्कळ वर्षे त्या ठाण्यावर कोणी बाप्तिस्मा घेतला नाही.

आणि मॉफॅटबाई? त्या कुरुमानास होत्या. त्यांचेही वय ६४ च. नवरा व मुलगा दोघेही राजाच्या मर्जीवर अवलंबून अशा मुलखात, निरोप येण्यास महिनेच्या महिने लागणार. अशा स्थितीत त्या दूरच्या ठाण्याची गरज ओळखून सामान जमविणे व ते रवाना करणे हे काम त्यांनी चालविले होते. मिशनऱ्यांच्या चरित्रांत गाडी हाकीत पुढे गेलेल्याचे वर्णन पानेच्या पाने येते, आणि मागे राहून गाडी भरून देणारीस दोन ओळी मिळतात. आमच्या मते हा न्याय बरोबर नाही. इन्यातीतील लोकांस ज्या वस्तूंची गरज पडे, त्या कुरुमानाच्या दारातूनच निघत.

दुसऱ्या ठाण्याची कथा दुःखाची आहे. तिकडे गेलेले हेल्मोर साहेब, त्यांची पत्नी व काही लेकरे १८६० साली लिन्यांती येथे आजाराने मरण पावली. मॉफॅटांच्या स्वतःच्या घरीही १८६२ साली दुहेरी घाव बसला. थोरली मुलगी मेरी लिव्हिंग्स्टन एप्रिलात झांबेझी नदीकाठी वारली, आणि ऑगस्टात मुलगा रॉबर्ट गेला. त्या वर्षीचा नाताळ कुरुमानाच्या त्या दगडी मंदिरात त्यांनी कशा मनाने पाळला असेल, हे ज्यांनी आपली वाढलेली लेकरे पुरली आहेत अशा आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

तरीही ती दोघे आणखी ७ वर्षांहून अधिक काळ तेथेच राहिली. येथे आम्हांस एक शंका मांडावीशी वाटते. वडील माणसे जागेवर बसून असली म्हणजे तरुणांस, व विशेषतः त्या देशच्याच भावांस, पुढे येण्यास वाव राहतो काय? कुरुमानात त्स्वाना शिक्षक व उपदेशक पुष्कळ श्रम करीत. परंतु त्यांस पाळकपदासाठी तयार करणारी शाळा मॉफॅट साहेबांच्या नावाने तेथे उभी राहिली ती ते निघून गेल्यावर, १८७० नंतरच्या दशकात. आम्ही या वृद्धांस दोष देत नाही. पण सेवा करीत राहणे आणि जागा धरून राहणे यांतील भेद आपल्या मंडळ्यांतील वडिलांनीही तपासून पाहण्याजोगा आहे. इन्यातीत मॉफॅट साहेबांनी तरुणांच्या हाताखाली हातोडा धरिला व जूनमध्ये ते परत निघाले, तो प्रसंग म्हणूनच आम्हांस अधिक आवडतो. जखऱ्याप्रमाणे त्यांनी पाळीचे दिवस भरेपर्यंत सेवा केली, व मग घर गाठिले.

२७ डिसेंबर १८६९ रोजी, नाताळानंतर दोन दिवसांनी, त्यांच्या लग्नास ५० वर्षे पुरी झाली. दोघेही तेव्हा ७४ वर्षांची होती. तो कुरुमानातील त्यांचा शेवटचा नाताळ. पुढे १८७० च्या मार्चात साहेबांनी त्स्वाना भाषेत अखेरचा उपदेश केला, आणि प्रकृती थकल्यामुळे उभयता इंग्लंडास निघाली. ज्या देशास आयुष्यभर मायदेश म्हटले तेथे परतल्यावर पहिलाच नाताळ दोघांनी मिळून पाहिला. काही दिवसांतच, १८७१ च्या जानेवारीत, मॉफॅटबाई लंडनात वारल्या.

मॉफॅट साहेब १८८३ पर्यंत जगले. १८ एप्रिल १८७४ रोजी लिव्हिंग्स्टनांचा देह वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरण्यात आला, तेव्हा ७८ वर्षांचा हा सासरा शोक करणाऱ्यांत उभा होता. शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत एक आफ्रिकन तरुण होता, जेकब वेनराइट. गुलामगिरीतून सोडविलेला हा मुलगा आपल्या नाशिकजवळच्या शरणपुरात शिकून मोठा झालेला, आणि लिव्हिंग्स्टनांचा देह आफ्रिकेच्या मध्यभागातून समुद्रकाठापर्यंत आणणाऱ्यांपैकी एक.