दोन्ही बाजूंचा फेज जुळव

विलेपार्ले (पूर्व)

चि. मनूस,

तुझं मीटरचं सर्किट मिळालं. मांडणी नेटकी आहे. पण व्होल्टेजच्या बाजूला एक रेझिस्टर जादा पडलाय, आणि तो ग्राहकाच्या बिलापर्यंत पोचतो, म्हणून आधी त्याबद्दलच लिहितो.

करंटच्या बाजूला शंटनंतर तू १ किलोओहम आणि ३३ नॅनोफॅरड लावलेत. ठीक आहे. तो ४.८ किलोहर्ट्झचा फिल्टर झाला आणि ५० हर्ट्झला सिग्नल ०.५९ अंश मागे पडला. व्होल्टेजच्या बाजूला २३० व्होल्ट खाली आणायला वर १ मेगओहमची माळ आहे, तळाला १ किलोओहम आहे, आणि तिथून पुढे आणखी एक १ किलोओहम घालून मग तू कपॅसिटर जोडलायस. कागदावर दोन्हीकडे सारखेच आकडे दिसतात, म्हणून तुला ते जुळल्यासारखं वाटलं असणार. पण कपॅसिटरच्या जागेवरून मागे बघ. डिव्हायडरचा तळचा रेझिस्टरसुद्धा त्याच्या वाटेत येतो. म्हणजे प्रत्यक्षात २ किलोओहम, २.४ किलोहर्ट्झ आणि १.१९ अंश. तो जादाचा रेझिस्टर काढून टाक. तळचा १ किलोओहम हाच तुझ्या फिल्टरचा रेझिस्टर.

तो तसाच ठेवलास तर दोन बाजूंत जवळजवळ ०.६ अंशाचा फरक राहतो. हीटरसारखा भार लावलास तर तो दिसणारच नाही, कारण एवढ्याशा कोनाचा कोसाइन १ ला चिकटूनच असतो. ०.५ लॅगिंग पॉवर फॅक्टरचा भार लाव, मग कळेल. ६० अंशांच्या जागी मीटरला ५९.४ दिसतात, ०.५ चे ०.५०९ होतात आणि मीटर १.८ टक्के जास्त पळतो. क्लास १ च्या मीटरला नेहमीच्या भारावर तिथे १ टक्क्याचीच मुभा आहे. पंप आणि जुन्या मोटारी चालवणाऱ्या माणसाच्या माथी ते जादा युनिट पडतात, आणि सील लावलेल्या डब्यात काय चाललंय हे त्याला कधीच कळत नाही. एवढं ध्यानात ठेव की ०.५ पॉवर फॅक्टरला ०.१ अंश म्हणजे ०.३ टक्के. फिल्टरने किती मागे ढकललं याला महत्त्व नाही, दोन बाजूंतल्या फरकाला आहे.

तू विचारलंयस की कॉर्नर आणखी खाली, १ किलोहर्ट्झवर आणला तर सिग्नल जास्त स्वच्छ होईल का. त्या मोहात पडू नकोस. हा फिल्टर स्वच्छतेसाठी नसतो. एडीई७७५३ सारखी चिप ३.५८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर सेकंदाला सुमारे ८ लाख ९४ हजार वेळा सिग्नल टिपते. ८९४ किलोहर्ट्झच्या आसपासचं जे काही आत शिरेल ते दुमडून थेट ५० हर्ट्झच्या पट्ट्यात येऊन बसतं, आणि मग कुठलाही डिजिटल फिल्टर ते वेगळं काढू शकत नाही. ते दारातच अडवायचं, एवढंच या फिल्टरचं काम. ४.८ किलोहर्ट्झवर ते ४५ डेसिबलने अडतं. कॉर्नर जितका खाली नेशील तितका फेज वाढेल, तितकी पार्टची टॉलरन्स अंगावर येईल, आणि हार्मोनिकमधली खरीखुरी वीजही मोजायची राहून जाईल.

शंटबद्दल मात्र सावध राहा, कारण इथे चांगले चांगले फसतात. २०० मायक्रोओहमच्या शंटमध्ये नुसतं २ नॅनोहेन्री इंडक्टन्स असलं तरी १६ किलोहर्ट्झच्या वर त्याचा सिग्नल चढू लागतो आणि ८९४ किलोहर्ट्झला पोचेपर्यंत ३५ डेसिबल वर जातो. कमावलेल्या ४५ मधले १० उरले. म्हणून करंटच्या बाजूला १०० ओहम आणि १०० नॅनोफॅरडची आणखी एक जोडी आधी घाल. तिचा कॉर्नरही १६ किलोहर्ट्झचाच येतो. शंटचा चढ आणि हिचा उतार एकमेकांना मारतात, फेजसुद्धा. तुझ्या शंटचं इंडक्टन्स मोजून मगच हे आकडे पक्के कर. सेन्सच्या तारा पीळ देऊन आणल्या नाहीत तर त्यांचा लूपच भर घालतो.

कपॅसिटर दोन्हीकडे एकाच जातीचे घे. एका बाजूला सी०जी आणि दुसऱ्या बाजूला एक्स७आर, असं खरेदी विभागाने सुचवलं तर साफ नाही म्हण. एक्स७आरला तापमानाने १५ टक्क्यांपर्यंत सरकायची परवानगी असते. बेंचवर फेज कॅलिब्रेशनने जुळवलेलं उन्हाळ्यात तसंच राहणार नाही.

आणि मुंबईची हवा विसरू नकोस. आमच्या पार्ल्यातल्या जुन्या इमारतींत मीटर जिन्याखाली असतात. पावसाळ्यात तिथल्या भिंतीला हात लावला तर ओला होतो. तुझ्या १ मेगओहमच्या माळेवर दमट धुळीचा १०० मेगओहमचा थर जरी चढला, तरी व्होल्टेज १ टक्का जास्त दिसेल. माळेत चार-पाच रेझिस्टर ठेव (०८०५ आकाराला साधारण १५० व्होल्टचीच मर्यादा असते), बोर्ड धुऊन घे आणि वर कोटिंग दे.

ॲल्युमिनियमच्या चकतीच्या जुन्या मीटरला किलोहर्ट्झमधली वीज फारशी हलवू शकत नसे, म्हणून तेव्हा वरच्या फ्रिक्वेन्सीचा प्रश्नच नव्हता. आता घरोघरी एलईडी, इन्व्हर्टर एसी आणि नव्या टॉवरमधल्या लिफ्टचे ड्राइव्ह आहेत. २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात डिमर आणि एलईडीच्या भारावर नऊ इलेक्ट्रॉनिक मीटर तपासले, तर पाच जास्त दाखवत होते, त्यातला एक तर ५८२ टक्क्यांपर्यंत. दोन ३० टक्के कमी दाखवत होते. संशयाचं बोट करंट सेन्सर आणि त्यामागच्या सर्किटकडे होतं. ते मीटर लोकांच्या घरी लागणाऱ्या जातीचे होते. तेव्हा नुसत्या साइन वेव्हवर पास झालीस म्हणून थांबू नकोस.

बोर्ड बनवायला देण्याआधी दुरुस्त सर्किटवर ०.५ लॅगिंग आणि ०.८ लीडिंगचं रीडिंग घे, एकदा साध्या तापमानाला आणि एकदा ओव्हनमध्ये ५५ अंशांवर. ते आकडे मला पाठव. आई-बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
अप्पामामा